जिल्ह्याच्या मानसिक आरोग्यसेवेचे मोजमाप : यवतमाळच्या निमित्ताने

यवतमाळ जिल्ह्यात एखाद्या शेतकऱ्याने आत्महत्या केली की शासकीय यंत्रणा जागी होते, आणि बारकाईने जागी होते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. सातबारा पाहिला जातो, बँकेचे, सोसायटीचे अथवा परवानाधारक सावकाराचे कर्ज थकलेले होते काय याची चौकशी होते, शवविच्छेदनाचा अहवाल जोडला जातो आणि प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ या निर्णयासाठी जिल्हा समितीपुढे ठेवले जाते. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने पात्र कुटुंबास एक लाख रुपये ठरविले. त्यांपैकी तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपाने. अमरावती विभागात या नोंदी २००१ पासून ठेवल्या जात आहेत. मृत्यूनंतरचा हिशेब इतका चोख ठेवणारा दुसरा प्रदेश देशात क्वचितच सापडेल.

परंतु तोच मनुष्य मृत्यूपूर्वी चार-सहा महिने झोपत नव्हता, जेवत नव्हता, वखराचा बैल मध्येच उभा करून बांधावर बसून राहत होता, त्या काळात तो कोणाच्या दारी गेला, तेथे त्याला काय मिळाले आणि दुसऱ्यांदा तो का गेला नाही, हे मात्र कोणत्याही कागदावर नसते. प्रस्तुत लेखाचा विषय तो न लिहिलेला कागद हा आहे. आमचे म्हणणे असे की, जिल्ह्याची मानसिक आरोग्यसेवा चांगली की वाईट हे ठरवावयाचे तर किती शिबिरे झाली आणि किती रुग्ण तपासले हे मोजून भागणार नाही. ज्याला उपचाराची गरज होती त्यांपैकी किती जण उपचारापर्यंत पोचले आणि त्यात टिकले, हे मोजावे लागेल. आणि हे मोजमाप आपल्यासारख्या गावोगावच्या वैद्यांना वगळून होऊ शकत नाही, कारण तो मनुष्य बहुतेक वेळा प्रथम आपल्याच दवाखान्याची पायरी चढतो.

कागदावर पाहू गेल्यास जिल्ह्यात काहीच नाही असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने १९८० च्या दशकात कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात एक प्रयोग केला आणि त्याच्या आधारे १९९६ मध्ये देशातील चार जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. पुढे तो देशभर पसरला. मूळ कल्पना सरळ आणि शहाणपणाची होती. मनोविकारतज्ज्ञ गावोगाव पोचणार नाहीत, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यासच नेहमीचे मनोविकार ओळखण्याचे व त्यांवर औषध देण्याचे शिक्षण द्यावे, आणि कठीण रुग्ण तेवढे जिल्ह्याच्या पथकाकडे पाठवावेत. महाराष्ट्रातील दुर्गम केंद्रांवर बसणारे कितीतरी वैद्यकीय अधिकारी बी.ए.एम.एस. पदवीधर आहेत, आणि उपकेंद्रांवरील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांतही आपले पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. तेव्हा ही योजना ‘त्यांची’ आहे असे समजून दूर उभे राहण्याचा अधिकार आपणांस नाही. २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांसाठी शेतकरी समुपदेशनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ आला, त्यात यवतमाळ आहे. त्याच वर्षी यवतमाळ व उस्मानाबाद (आजचे धाराशिव) या दोन जिल्ह्यांत ‘बळीराजा चेतना अभियान’ सुरू झाले. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. यवतमाळात १९८९ पासून श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

एवढे असताना उणीव कोठे आहे? ती मोजण्याच्या पद्धतीतच आहे. कार्यक्रमाच्या अहवालात सामान्यतः बाह्यरुग्णांची संख्या, शिबिरांची संख्या, प्रशिक्षित कर्मचाऱ्यांची संख्या, भित्तिपत्रकांची संख्या असते. हे सर्व अंश आहेत, छेद कोठेच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली मानसिक आरोग्य यंत्रणा तपासण्यासाठी एक साधन तयार केले. धोरण व कायदा, सेवा, प्राथमिक आरोग्यातील मानसोपचार, मनुष्यबळ, लोकशिक्षण व अन्य खात्यांशी संबंध, आणि देखरेख व संशोधन असे त्याचे सहा विभाग आहेत. भारतात गुजरात व उत्तराखंड या राज्यांत त्या साधनाने तपासणी झाली. साधन उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु दुकानात माल किती आहे एवढेच त्यातून प्रामुख्याने कळते; गिऱ्हाईक उपाशी परतले काय, ते कळत नाही.

छेद किती असावा याचा स्थूल अंदाज आपण येथेच करू. निमहान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता आणि तीव्र मनोविकाराचे प्रमाण ०.८ टक्के होते. त्याच सर्वेक्षणाने उपचारापासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के दाखविले. ज्या बारा राज्यांत हे सर्वेक्षण झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून हे आकडे यवतमाळास जसेच्या तसे लावणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही. तरीही २०११ च्या जनगणनेत २७ लाख ७२ हजार लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यात प्रौढ अठरा लाखांच्या आसपास धरले, तर तीव्र मनोविकाराचे सुमारे चौदा हजार रुग्ण निघतात. चौदा हजार माणसे, ज्यांना महिनोन्महिने, काहींना वर्षानुवर्षे औषध हवे. आता कोणत्याही वर्षाचा अहवाल हाती घ्यावा आणि एकच प्रश्न विचारावा : यांपैकी किती जण सलग सहा महिने औषधावर राहिले? या प्रश्नाचे उत्तर ज्या अहवालात नाही, तो अहवाल कितीही जाडजूड असला तरी त्याला मूल्यमापन म्हणता येणार नाही.

आपल्या शास्त्राने यासाठी एक चौकट फार पूर्वी देऊन ठेवली आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. चारांपैकी एक पाद लंगडा असला तरी चिकित्सा सिद्धीस जात नाही. जिल्ह्याची यंत्रणा याच चार पादांवर उभी करून पाहावी. (हे केवळ प्राचीनतेचा अभिमान म्हणून लिहीत नाही. ‘आमच्याकडे सर्व आधीच होते’ या वाक्याने आपल्या नियतकालिकांची पुष्कळ पाने आजवर वाया गेली आहेत.)

भिषक्‌ची चर्चा नेहमी होते, म्हणून ती थोडक्यात करतो. मनोविकारतज्ज्ञ थोडे आहेत आणि तेही बहुतांशी जिल्ह्याच्या ठिकाणी. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार, जो मे २०१८ पासून अमलात आला, आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार मनुष्यबळ उभे करण्याचे प्रयत्न शासनाने दहा वर्षांत करावयाचे आहेत. ती मुदत २०२८ मध्ये संपते.

द्रव्य या पादाकडे मात्र कोणी पुरेसे पाहत नाही, आणि खरी गळती तेथेच आहे. जिल्ह्याचा भूगोल पाहावा. सोळा तालुके, साडेतेरा हजार चौरस किलोमीटर. झरी जामणीच्या माणसास यवतमाळ म्हणजे पूर्ण दिवसाचा प्रवास. उमरखेडकरास तर यवतमाळपेक्षा नांदेड जवळ. प्रादेशिक मनोरुग्णालय नागपुरास. औषध फुकट मिळाले तरी ते आणण्यासाठी रुग्णाबरोबर एक माणूस, दोघांचे एस.टी.चे भाडे आणि दोघांची बुडालेली मजुरी हा खर्च दर महिन्याला येतो. कापूस वेचणीच्या हंगामात तर तो खर्च कोणत्याही कुटुंबास परवडत नाही. त्यात गेलेल्या दिवशी नेमके औषध शिल्लक नसले, तर पुढील महिन्यात ते कुटुंब जात नाही. राज्याची औषध खरेदी २०१७ नंतर हाफकिन महामंडळाकडे गेली, २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. खरेदी करणारा बदलला, पण तुटवड्याच्या बातम्या थांबल्या नाहीत. म्हणून आमच्या मते पुसद, दारव्हा, पांढरकवडा येथील उपजिल्हा रुग्णालयांत आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मनोविकारावरील प्रमुख औषधे वर्षातून किती दिवस उपलब्ध नव्हती, हा आकडा दरवर्षी जाहीर व्हावा. शिबिरांच्या संख्येपेक्षा तो आकडा शतपटीने बोलका ठरेल.

औषध सुटलेला हा रुग्ण पुढे कोठे जातो, हे वाचक वैद्यमित्रांस सांगावयास नको. तो आपल्याकडे येतो. ‘ते इंग्रजी औषध गुंगी आणते जी, तुम्ही काही द्या’ असे त्याची बायको म्हणते. आपण ब्राह्मी, शंखपुष्पी, सारस्वतारिष्ट देतो आणि पूर्वीच्या औषधाविषयी काही बोलत नाही. न बोलणे हाही चिकित्सेतील एक निर्णयच असतो, आणि तो आपण नकळत घेतो. पूर्वीचे औषध एकाएकी तुटल्याने आजार उलटला तर त्याची जबाबदारी कोणाची? याहून सूक्ष्म धोकेही आहेत. लिथियम चालू असलेल्या रुग्णास आपण विरेचन दिले, किंवा पथ्य म्हणून मीठ बंद केले, तर शरीरातील जल व लवण घटून लिथियमची रक्तातील मात्रा विषारी पातळीस जाऊ शकते. सर्पगंधा हे उन्माद व रक्तदाब यांवरील आपले अभिमानाचे द्रव्य. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली त्यावर लिहिले आणि पुढे सर्व जगाने ते उचलले. परंतु त्यातील रेसर्पिनमुळे विषाद वाढू शकतो हेही त्यानंतर पुढे आले. निद्रानाश म्हणून आलेल्या विषण्ण शेतकऱ्यास सर्पगंधायुक्त वटी देणे हे म्हणूनच विचारपूर्वक टाळावयाचे कर्म आहे. यंत्रणेच्या मोजमापात आपली गणना व्हावी असे म्हणताना आपल्या या व्यवहाराचीही मोजणी होणार, हे गृहीत धरावे लागेल. आमची त्यास तयारी असली पाहिजे.

उपस्थाता म्हणजे परिचारक. जिल्हा पातळीवर तो आशा कार्यकर्तीच्या रूपाने आहे. प्रेरणा प्रकल्पात घरोघरी जाऊन प्रश्नावली भरण्याचे काम तिच्याकडे आले. कल्पना चांगली, परंतु गरोदर मातांपासून हिवतापापर्यंत सर्व कामे जिच्या माथी आहेत, जी त्याच गावची सून आहे, तिच्यासमोर घरातील कर्ता पुरुष ‘मला जगावेसे वाटत नाही’ असे किती वेळा बोलेल? केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी या भागातील कोलाम पोडावर किंवा पुसद-दिग्रसकडील बंजारा तांड्यावर मराठी प्रश्नावली कितपत पोचते, हाही प्रश्न आहेच. दुःख माणूस आपल्या बोलीत सांगतो. कोलामी व गोरमाटी बोलींतून प्रश्नावली झाली काय, आणि नसेल तर तेथून आलेल्या ‘निरंक’ अहवालाचा अर्थ काय घ्यावा?

राहिला रोगी. उत्तम रोग्याच्या गुणांत चरकांनी ज्ञापकत्व, म्हणजे आपली व्यथा नीट सांगता येणे, हा गुण गणला आहे. विषादाने ग्रासलेल्या रुग्णात नेमका तोच गुण हरपलेला असतो. तो मनाचे बोलतच नाही. ‘जीव घाबरते’, ‘डोकं काम नाही करत’, ‘पोटात जळजळ होते’, ‘अंगात ताकद नाही’ असे सांगतो आणि आपण अम्लपित्त लिहितो. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात रोग वाढविणाऱ्या कारणांत विषादास अग्रस्थान दिले आहे, हे आपण परीक्षेसाठी पाठ केले. दवाखान्यात त्याची आठवण किती वेळा होते, हे ज्याने त्याने आपल्याशी ठरवावे. अशा रुग्णास झोप, भूक, कामातील रस आणि जगण्याची इच्छा या चार गोष्टी सरळ विचाराव्यात. आत्महत्येचा विचार येतो काय असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत निराधार आहे. उलट विचारल्याने माणूस मोकळा होतो. ज्याचे उत्तर ‘होय’ असेल त्यास एकटे पाठवू नये, घरच्यांना विश्वासात घ्यावे, फवारणीची औषधे घरातून दूर कुलूपबंद ठेवण्यास सांगावे आणि त्याच दिवशी तज्ज्ञाशी गाठ घालून द्यावी. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ही द्रव्ये आपल्या घरांत किती सहजपणे वावरतात हे त्या वर्षी सर्व देशाने पाहिले. आणखी एक : आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीवर खटला होईल या भीतीने कुटुंबे प्रकरण लपवितात. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ ने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आहे. हे गावात सांगण्याचे काम वैद्याने करावे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. शेतकरी मरतो तो कर्जाने आणि कापसाच्या भावाने. त्याला मनोरुग्ण ठरविणे म्हणजे शासनाला सोडवणे होय, असे अनेक कार्यकर्ते म्हणतात. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने जीवनयात्रा संपविली, त्या दिवसाचे स्मरण आजही अन्नत्यागाने केले जाते ते याच भावनेने. २००५-०६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था व इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था यांच्या अभ्यासांनीही शेतीच्या अर्थकारणाकडेच बोट दाखविले, आणि जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना घोषित केली ती त्याच निदानावर. आक्षेपाचा गाभा आम्हांस मान्य आहे. गोळीने कर्ज फिटत नाही, समुपदेशनाने हमीभाव वाढत नाही. परंतु निज आणि आगंतू कारणांचा भेद जाणणाऱ्या वैद्यास हेही ठाऊक असते की आगंतू कारणाने झालेली जखम नंतर दोषांच्या अधीन होते आणि तिची चिकित्सा वेगळी करावी लागते. भावासाठी आंदोलन करणाऱ्यास झोपेसाठी वैद्य लागतो, यात विरोध कसला?

मोजमाप योग्य रीतीने केल्यास काय दिसते, याचे उदाहरण शेजारच्या अमरावती जिल्ह्यातच आहे. ‘विश्राम’ नावाच्या प्रकल्पात तेथील तीस गावांत गावपातळीचे कार्यकर्ते, समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ अशी साखळी उभी करण्यात आली. त्याचा अहवाल २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त प्रसिद्ध झाला. विषादग्रस्तांपैकी कोणत्याही सेवेशी संपर्क आलेल्यांचे प्रमाण आरंभी ४.३ टक्के होते, अठरा महिन्यांनी ते २७.२ टक्के झाले. विषादाचे प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर, आणि आत्महत्येचा विचार येणाऱ्यांचे ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी दुसरी गावे नव्हती, त्यामुळे सर्व श्रेय प्रकल्पास देता येणार नाही. तरी हे आकडे रुग्णालयाच्या नोंदवहीतून नव्हे, तर गावात घरोघर जाऊन काढले होते. छेद माहीत होता, म्हणून अंशाला अर्थ आला. आणि यशानंतरही चारांपैकी जवळजवळ तिघांपर्यंत कोणी पोचले नव्हते, हेही त्याच आकड्यांनी प्रांजळपणे सांगितले.

आता आपल्या घराकडे वळू. २०१७ च्या कायद्याने ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ या व्याख्येत मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तरांस स्थान दिले. ही गोष्ट मोठी आहे, आणि कोट्टक्कलसारख्या ठिकाणी आयुर्वेदीय मानसरोग रुग्णालयाची जी परंपरा आहे तिचे हे फळ मानता येईल. परंतु सामान्य बी.ए.एम.एस. वैद्य त्या व्याख्येत बसत नाही, हे स्पष्ट समजून घ्यावे. मनोरुग्णास दाखल करून ठेवणारे आयुर्वेदीय केंद्रही नोंदणीच्या कक्षेत येते. ‘आमचे पंचकर्म केंद्र आहे’ हे उत्तर चालणार नाही. औषधविक्रेत्या बंधूंनाही दोन शब्द. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींची चूर्णे आपल्या काउंटरवर असतात. दारूचे व्यसन हा या जिल्ह्याचा सर्वांत व्यापक मनोविकार आहे आणि त्याविरुद्ध येथील स्त्रियांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले आहे. त्यांच्या हतबलतेवर नफा मिळविणारी पुडी विकणे आयुर्वेदाच्या नावास शोभत नाही. माणसाच्या नकळत दिलेल्या औषधात सत्त्वावजय कोठे राहिला?

आमची सूचना मर्यादित आहे. संघटनेच्या तालुका शाखांनी पोळा ते दिवाळी या काळात, फवारणी आणि पहिली वेचणी ज्यात येते तेव्हा, एक साधी नोंद ठेवावी. रुग्णाचे नाव नको, गावही नको, कारण गोपनीयता हा त्याचा कायदेशीर हक्क आहे. तालुका, वयोगट व लिंग पुरे. मानसिक तक्रार घेऊन किंवा शारीरिक तक्रारीआड ती लपवून आलेले किती. पूर्वी कोठे उपचार घेतले. औषध सुटले असल्यास ते अंतराने, खर्चाने, तुटवड्याने की गुंगीने. आणि आपण पुढे पाठविल्यावर तो तेथे पोचला काय. शेवटच्या प्रश्नासाठी महिनाभराने एक दूरध्वनी करावा लागेल. सर्व सोळा तालुके एकदम घेण्याची घाई नको. झरी जामणी आणि उमरखेड ही दोन टोके प्रथम घ्यावीत. दयाभाई मावजी मजिठिया आयुर्वेद महाविद्यालयातील आंतरवासी विद्यार्थ्यांचे साह्य मागता येईल. जमलेला तक्ता जिल्हा शल्यचिकित्सक व जिल्हा आरोग्य अधिकारी यांना द्यावा, आणि त्याबरोबर त्यांच्याकडून एकच गोष्ट मागावी : गेल्या वर्षी जिल्हा पथकाकडे नव्याने आलेल्या रुग्णांपैकी सहाव्या महिन्यात परत आलेले किती, तालुकावार.